अंगावरून वारं गेल्यावर : पुन्हा चालायला शिकण्यामागचा इतिहास

गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या वाड्यावर कुणाची एक बाजू अचानक लुळी पडली, तोंड वाकडं झालं, तर ‘अंगावरून वारं गेलं’ असंच म्हणत. ‘स्ट्रोक’ हा शब्द बराच नंतर आला. हे वारं म्हणजे नुसता वाक्प्रचार नव्हता. तो अख्खा सिद्धान्त होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वातव्याधींमध्येच पक्षाघात येतो आणि त्यावर स्नेहन (तेल-तूप), स्वेदन (शेक), विरेचन (जुलाब) असे उपचार सांगितले आहेत. दोष वाताचा मानला की पुढचं आपसूक येतं. तेल चोळा, शेक द्या, खिडक्या लावून घ्या, गार वारा लागू देऊ नका. माझ्या आजोबांची खोली कित्येक महिने महानारायण तेलाच्या वासाने भरलेली होती. देवळात कौल लावून झाला. कुणीतरी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं. आजीने ते मात्र साफ झिडकारलं. या सगळ्या धावपळीत आजोबांनी स्वतः काही करायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ज्याला उभं राहता येत नाही त्याला चालवायचं कसं, असा साधा सरळ हिशेब होता.

आपल्यालाच हसायचं कारण नाही. स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेप्फर यांनी 1658 मध्ये शवविच्छेदनावरून दाखवून दिलं की अशा झटक्यामागे मेंदूतला रक्तस्राव असू शकतो. कारण हाती लागलं, उपाय नाही. रक्त काढणं, जुलाब देणं आणि अंथरूण, एवढंच पुढे दोनेकशे वर्षं चाललं. पणजीत 1842 मध्ये वैद्यकीय शाळा निघाली. पण युरोपच्या वैद्यकाचेच हात पक्षाघातापुढे टेकलेले होते, तिथे या शाळेतल्या डॉक्टरांनी वेगळं काय करावं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांतियागो रामोन इ काहाल या थोर मेंदूशास्त्रज्ञाने तर लिहून ठेवलं की प्रौढ मेंदूतले मार्ग कायमचे ठरलेले असतात, तिथे नव्याने काही उगवत नाही. हे वाक्य फार गाजलं. हा कठोर निवाडा बदलणं उद्याच्या विज्ञानाच्या हाती आहे, असंही त्यांनी पुढे लिहिलं होतं; ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

व्यायामाची वाट उघडली ती भलत्याच आजाराने. स्वित्झर्लंडमधल्या हायडेन गावी हाइनरिख फ्रेंकेल यांच्याकडे उपदंशामुळे (सिफिलिसमुळे) मज्जारज्जू बिघडलेले, पाय कुठे पडतो ते न कळणारे रुग्ण येत. त्यातल्या एकाची चाचणी पहिल्या वेळी अगदीच फसली आणि काही महिन्यांनी त्याने तीच चांगली करून दाखवली. कसं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला की परीक्षेत पास व्हायचं होतं म्हणून सराव केला. फ्रेंकेल यांनी हा धागा पकडला आणि 1890 च्या सुमारास पद्धतशीर व्यायाम बसवले. जमिनीवर पावलं आखायची आणि डोळ्यांनी बघत बघत त्यावर नेमका पाय ठेवायचा. पुढे 1915 मध्ये अमेरिकेत शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ यांनी जुन्या अर्धांगाच्या रुग्णांतही सरावाने हालचाल परत येऊ शकते असं मांडलं. त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही.

मग दोन महायुद्धं आणि पोलिओ आले. जखमी जवान आणि लुळी पडलेली मुलं यांच्यामुळे फिजिओथेरपी हा व्यवसाय उभा राहिला. मुंबईत केईएम रुग्णालयात 1953 मध्ये तिचं शिक्षण सुरू झालं. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. योगायोग असा की 1961 साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, लिबरसन यांनी लोंबणारं पाऊल विजेच्या हलक्या झटक्याने उचलणारं यंत्र मांडलं. त्याचं बटण चपलेच्या टाचेखाली असे.

लंडनमध्ये बर्टा बोबाथ यांनी 1940 च्या दशकात एका नामांकित चित्रकारावर उपचार करताना पाहिलं की विशिष्ट पद्धतीने हाताळलं तर ताठरलेले स्नायू सैलावतात. त्यातून बोबाथ पद्धत आली आणि जगभर पसरली. तिचा आग्रह असा की आधी ताठरपणा काबूत आणा, चुकीच्या ढंगाने चालू देऊ नका, जोर लावणारे व्यायाम टाळा. अनेक रुग्णांना यामुळे प्रथमच नीट हात लावला गेला. पण सत्राचा बराच वेळ थेरपिस्टच काम करी, रुग्ण करवून घेई. माझ्या मते तेलाच्या वाटीची ही सुधारलेली आवृत्ती होती.

उलट टोकाची गोष्ट पेद्रो बाख इ रिता यांची. हे न्यूयॉर्कमधले प्राध्यापक. 1959 मध्ये, पासष्टाव्या वर्षी, त्यांना स्ट्रोक झाला. मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्याला पुनर्वसनातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्याने वडिलांना तान्ह्या मुलासारखं आधी रांगायला लावलं. खांदा भिंतीला टेकवून अंगणात रांगणारे प्राध्यापक पाहून शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. पुढे गुडघ्यांवर, मग उभं राहणं, मग चालणं. ते पुन्हा शिकवायला गेले आणि काही वर्षांनी डोंगर चढताना वारले. शवविच्छेदनात दिसलं की मेंदूतून खाली उतरणारे बहुतेक तंतू नष्टच झालेले होते, आणि तरी माणूस चालत होता. दुसरा मुलगा पॉल याने पुढे मेंदूच्या लवचीकतेच्या अभ्यासाला आयुष्य दिलं.

सिडनीच्या जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड यांचं 1982 मधलं काम त्यानंतरचं. चालणं शिकायचं तर चालण्याचाच सराव हवा, खुर्चीतून उठणं शिकायचं तर शंभरदा उठा-बसा. ताकद वाढवल्याने ताठरपणा वाढतो ही भीतीही पुढच्या संशोधनात टिकली नाही.

किती आणि कधी, हे मात्र मोजूनच कळलं. कोपनहेगनच्या अभ्यासात 95 टक्के रुग्णांनी चालण्यातली आपली सर्वोत्तम पातळी पहिल्या 11 आठवड्यांत गाठली. म्हणून घाई करावी, तर 2015 मध्ये 2104 रुग्णांच्या चाचणीने दाखवलं की पहिल्या 24 तासांतच जोरदार उठवण्या-चालवण्याने निकाल उलट थोडे बिघडतात. अमेरिकेत 2011 मध्ये 408 रुग्णांवर तुलना झाली. शरीराचं वजन पट्ट्यांनी उचलून धरणाऱ्या ट्रेडमिलवर चाललेले आणि घरीच फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ताकदीचे-तोलाचे व्यायाम केलेले, वर्षाअखेरीस दोघे सारखेच. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आडगावी राहणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. यंत्र नाही म्हणून अडत नाही. फिजिओथेरपिस्ट नसला तर मात्र अडतं. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर झालेल्या चाचणीत घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले गेले. 2017 मधल्या अहवालात त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. माया पुरत नाही, असं मी त्यातून समजतो.

बांबोळी, म्हापसा, मडगाव इथल्या रुग्णालयांतून रुग्ण घरी येतो आणि खरी अडचण तिथे सुरू होते. चिऱ्याच्या उंच पायऱ्या, सोप्याचा उंबरठा, आणि जूनपासून अंगणभर शेवाळ. लोंबता पाय अडकतो तो नेमका उंबरठ्यालाच.

गेल्या गणेशचतुर्थीत शेजारच्या काकांकडे गेलो होतो. त्यांना फेब्रुवारीत स्ट्रोक झाला. सोप्यापासून माजघरापर्यंत सुनेने चुन्याने पावलं काढली होती. मी म्हटलं, गौरीची पावलं एवढी मोठी? ती हसली. फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या मापाने काढलेली ती काकांची पावलं होती. डावीकडची थोडी पुसट झाली होती, काकांचा तो पाय अजून घासत जातो म्हणून.