लॉगिन पडद्यावरील कर्नल पॅनिक

संगणक सुरू होऊन वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड विचारणारा चित्रमय पडदा उमटतो न उमटतो तोच, दुरुस्त न होणारी चूक आढळल्यामुळे कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल स्वतःहून काम थांबवतो, त्या बिघाडाला लॉगिन पडद्यावरील कर्नल पॅनिक म्हणतात. पॅनिक ही युनिक्सकडून आलेली संज्ञा असून लिनक्समध्ये याच नावाचे फंक्शन आजही हे काम करते. विंडोजचा निळा पडदा याच जातीचा. येथे मात्र लिनक्सचाच विचार केला आहे.

कर्नलमधील प्रत्येक चूक पॅनिकपर्यंत जात नाही. एखाद्या ड्रायव्हरने (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामने) अवैध मेमरी-पत्ता वापरला, तर लिनक्स बहुधा ‘ऊप्स’ नावाची चूक नोंदवतो, त्या वेळची प्रोसेस म्हणजे चालू प्रोग्राम संपवतो आणि जमेल तसा चालू राहतो. तीच चूक इंटरप्ट (यंत्रभागांकडून आलेली तातडीची सूचना) हाताळताना घडली, किंवा ऊप्सलाही पॅनिक मानावे असे प्रशासकाने ठरवून ठेवले असेल, तर यंत्र थांबते. अशा वेळी डिस्कवर अद्याप न गेलेला मजकूर कर्नल मुद्दामच लिहीत नाही, कारण स्वतःच्या मेमरीचा भरवसा उरला नसताना लिहायला जाणे म्हणजे फाइल प्रणालीही धोक्यात घालणे होय.

रूट म्हणजे कार्यप्रणालीची मूळ फाइल प्रणाली न सापडल्याने होणारे पॅनिक बूटच्या, म्हणजे संगणक सुरू होण्याच्या, आरंभीच येते. लॉगिनपर्यंत पोचून कोसळणाऱ्या यंत्रात संशय प्रथम ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो. तोवर पडद्यावर साधी अक्षरे किंवा बोधचिन्ह दाखवण्यापुरतेच काम असते. जीडीएम, एसडीडीएम यांसारखा लॉगिनचा पडदा दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर सुरू झाला की चित्र उमटवणारा एक्स सर्व्हर किंवा वेलँड कंपोझिटर ग्राफिक्स कार्डाकडे मेमरी मागतो, आज्ञांची रांग लावतो आणि त्रिमितीय प्रवेगक प्रथमच खऱ्या अर्थाने राबवतो. तथापि याच सुमारास वाय-फाय, ब्लूटूथ आदींचे ड्रायव्हरही जागे होत असतात आणि सदोष रॅमही तेव्हाच उघडी पडू शकते, म्हणून केवळ वेळेवरून दोष ठरवणे घाईचे ठरते.

पॅनिकचा संदेश ज्या पडद्यावर दिसायला हवा, तोच अशा वेळी हाताबाहेर गेलेला असतो. पूर्वी पडद्याची मांडणी एक्स सर्व्हर स्वतः करी व कर्नलला तिचा पत्ता नसे. त्यामुळे चित्र गोठून कीबोर्डवरील कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे लुकलुकणे, एवढीच खूण उरे. २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीपासून, इंटेलच्या चिपांपासून आरंभ करून, ही मांडणी कर्नलकडे येऊ लागली, तरी चित्रमय पडद्यावर संदेश दिसण्याची खात्री नव्हती. त्यासाठीची ‘डीआरएम पॅनिक’ (डीआरएम म्हणजे कर्नलचा ग्राफिक्स हाताळणारा भाग) ही सोय जुलै २०२४ मधील ६.१० मध्ये आली, तर त्याच वर्षीच्या ६.१२ मध्ये तपशील क्यूआर कोडच्या रूपाने दाखवण्याची भर पडली. अर्थात ग्राफिक्स ड्रायव्हरने तिला साथ दिली तरच ती उपयोगी पडते.

गोठलेला प्रत्येक पडदा म्हणजे पॅनिक नव्हे. कंट्रोल, ऑल्ट व एफ३ दाबून मजकुराचा पडदा उघडला, किंवा दुसऱ्या यंत्रावरून एसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या सोयीने आत जाता आले, तर कर्नल जिवंत आहे. पासवर्ड देऊनही पुन्हा लॉगिनवरच परत येणे हा तर वेगळाच दोष असून डिस्क भरणे हे त्याचे एक कारण असते.

तपासासाठी बूटच्या वेळी कर्नल निवडू देणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या यादीतून आधीचा कर्नल निवडून पाहतात, किंवा ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीअखेर, पडद्याची मांडणी कर्नलने करू नये असे सांगणारा ‘नोमोडसेट’ हा पर्याय जोडतात. त्याने लॉगिन सुरळीत झाले, तर ग्राफिक्स ड्रायव्हरवरील संशय बळावतो. मागील बूटच्या नोंदीत शेवटच्या, नेमक्या हव्या असलेल्या ओळी अनेकदा सापडत नाहीत, कारण त्या डिस्कपर्यंत पोचलेल्याच नसतात. म्हणून यूईएफआय या मदरबोर्डवरील फर्मवेअरच्या साठ्यात संदेश ठेवणारे पीस्टोअर, राखीव मेमरीत दुसरा कर्नल सुरू करून मृत कर्नलची मेमरी टिपणारे केडम्प, अथवा संदेश नेटवर्कवरून शेजारच्या यंत्राकडे पाठवणारे नेटकन्सोल वापरतात. यांपैकी नेटकन्सोलला सहसा तारेची जोडणीच लागते.