उष्टावण

बाळाच्या तोंडी दुधाखेरीज पहिला घास घालण्याचा संस्कार. संस्कृत नाव अन्नप्राशन. सोळा संस्कारांपैकी एक. अन्नाला बाळाचे तोंड लागून ते उष्टे होते, म्हणून मराठीत उष्टावण. पहिला घास बहुधा मामा भरवतो: चांदीची वाटी, तांदळाची किंवा रव्याची खीर, चमच्याच्या टोकावर मावेल एवढीच. मग काही घरांत बाळापुढे पुस्तक, लेखणी, पैसे, अवजार मांडून ते कशाला हात लावते हे पाहतात. ही जीविकापरीक्षा.

घरगुती संस्कारांचे नियम सांगणाऱ्या आश्वलायन गृह्यसूत्रात यासाठी सहावा महिना सांगितला आहे. रूढीने मुलाचे उष्टावण सम महिन्यात (सहावा, आठवा) आणि मुलीचे विषम महिन्यात (पाचवा, सातवा) करतात. बाळाच्या पोटाला सम-विषम कळत नाही, ही गोष्ट वेगळी.

जागतिक आरोग्य संघटना पूर्वी निव्वळ अंगावरच्या दुधासाठी चार ते सहा महिने ही मुदत सांगत असे. 2001 पासून सहा महिने सांगते. भारतातही शिशुआहाराच्या विक्रीवर बंधने घालणाऱ्या 1992 च्या कायद्यातली चार महिन्यांची मर्यादा 2003 मध्ये सहा झाली. सूत्रकार आणि डॉक्टर एकाच आकड्यावर आले असे वाटते, पण इथे एक फसगत आहे. ‘सहावा लागला’ म्हणजे पाच पूर्ण झाले. डॉक्टर म्हणतात ते सहा महिने पुरे झालेले, म्हणजे 180 दिवस. आजीच्या आणि दवाखान्याच्या हिशेबात असा महिनाभराचा फरक पडू शकतो. मुहूर्त आधीचा निघालाच, तर घास ओठाला लावून समारंभ उरकावा आणि रोजचे भरवणे नंतर सुरू करावे.

सहा महिन्यांच्या सुमारास जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सरत येतो. सहा ते आठ महिन्यांच्या वयात दुधाशिवाय दिवसाला साधारण 200 कॅलरी वरून लागतात. वर्षानंतर हीच गरज 550 च्या घरात जाते. बाळ तोवर मान धरते, आधाराने बसते आणि तोंडात घातलेले जिभेने बाहेर ढकलायचे थांबवते. अंगावरचे दूध मात्र दोन वर्षे आणि पुढेही चालू ठेवायचे असते.

खरी चूक होते ती पातळपणात. ‘वरणाचे पाणी पचायला हलके’ म्हणून वाटीभर पाजतात. इवलेसे पोट पाण्यानेच भरते आणि डाळ पातेल्याच्या तळाशी राहते. चमचा कलता केला तरी अन्न ओघळू नये, इतके ते दाट हवे. मऊ भात, घोटलेली मुगाची डाळ आणि वर तूप, एवढ्यानेही सुरुवात होते. दाट पण गिळायला सोपे, हे कोडे नाचणीसत्त्व बऱ्यापैकी सोडवते. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधतात, मोड आले की सावलीत वाळवून, भाजून, दळून पीठ वस्त्रगाळ करतात. मोड येताना तयार होणारे अमायलेज हे एन्झाइम पिष्ट (स्टार्च) तोडते. त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ घालूनही खीर गोळा होत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी 45.9 टक्क्यांनाच दुधासोबत वरचे अन्न मिळत होते. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी 11.3 टक्के होती. अंगणवाड्यांतही आता अन्नप्राशनाचा दिवस साजरा होतो.

गृह्यसूत्रातल्या घासात दही, तूप आणि मध कालवलेला असे. त्यातला मध आता बाळ वर्षाचे होईपर्यंत वर्ज्य: बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंची बीजे त्यात असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ती रुजतात. शेंगदाण्याचे उलटे झाले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या प्रयोगात, ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या बाळांना तो वर्षाच्या आतच नियमित दिल्यावर शेंगदाण्याची ॲलर्जी पुष्कळ कमी झाली. अख्खा दाणा मात्र घशात अडकतो. द्यायचे ते बारीक कूट, पेजेत कालवून.