बोट लागल्यावरच उत्तर देणारे कॉन्टॅक्टलेस कार्ड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

उद्यमबाग, मच्छे आणि होनगा येथील कारखाने, निपाणी-चिकोडी भागातील पतसंस्था आणि बेळगावातील महाविद्यालये यांच्याकडून हजेरीसाठी, गेटसाठी व कँटीनसाठी कार्डांची मागणी आमच्याकडे येते. कार्ड निवडताना बहुतेक चर्चा दर आणि छपाईभोवती फिरते. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा : ज्याचे कार्ड आहे त्याची इच्छा नसतानाही ते कार्ड उत्तर देते का? हे पत्रक त्या एका प्रश्नासाठी आहे.

कॉन्टॅक्टलेस कार्डात बॅटरी नसते. रीडर १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, त्यामुळे कार्डाच्या कडेने फिरवलेल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते आणि तेवढ्याच विजेवर चिप जागी होऊन संवाद सुरू करते. आयएसओ १४४४३ या मानकानुसार चालणारी कार्डे साधारण १० सेंटिमीटरपर्यंतच्या अंतरावर वाचली जातात, आणि अंतर इतके कमी आहे म्हणून ती आपोआप सुरक्षित आहेत असा समज पसरलेला आहे. मात्र संध्याकाळच्या वेळी मध्यवर्ती बसस्थानकावर बसमध्ये चढताना दोन माणसांमध्ये १० सेंटिमीटरही जागा उरत नाही. खिशातल्या कार्डाला समोरचा रीडर गेटवरचा आहे की कोणाच्या पिशवीतला, हे निदान पहिल्या हाकेला कळत नाही. क्षेत्र मिळाले की ते ओ देते.

संदेश गुप्त ठेवणारी चांगली संकेतपद्धती वापरली म्हणजे हा धोका टळला, असेही नाही. खिशातल्या कार्डाजवळ एक उपकरण आणि दूरवरच्या खऱ्या रीडरजवळ दुसरे उपकरण ठेवून दोघांमधील संदेश रेडिओने जसेच्या तसे पोहोचवता येतात, हे २००५ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधनात प्रत्यक्ष दाखवण्यात आले. यात संकेत फोडावाच लागत नाही. कार्ड खरे, रीडर खरा, उत्तरेही खरी. फक्त कार्डधारकाला त्याचा पत्ता नसतो. म्हणूनच कार्डावर बोट ठेवल्याशिवाय त्याने बोलूच नये, अशी रचना आम्ही सुचवतो.

ही रचना दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात वेटोळ्याची तार एका जागी मुद्दाम तोडलेली असते आणि तेथे बसवलेली चपटी कळ अंगठ्याने दाबल्यावर ती जोडली जाते. दाब नसेल तर चिपला वीजच मिळत नाही, म्हणून सुरक्षेच्या दृष्टीने आम्ही हाच प्रकार वरचा मानतो. तो बनवणे मात्र सोपे नाही. इतक्या उच्च वारंवारतेला तुटलेल्या जागेतूनही थोडा प्रवाह पाझरतो, त्यामुळे दोन टोकांमधील अंतर आणि धातूच्या पट्ट्यांचा आकार विचारपूर्वक ठरवावा लागतो. मानकातील क्षेत्राची कमाल मर्यादा मीटरमागे ७.५ अँपिअर आहे; चोर ती पाळणार नाही, हे गृहीत धरून कळ मोकळी असताना कार्ड त्याहून तीव्र क्षेत्रातही गप्प राहते की नाही, हे तपासले पाहिजे. शिवाय हे सारे कार्डाच्या ०.७६ मिलिमीटर जाडीत बसवायचे असते, आणि पाकीट मागच्या खिशात ठेवून बसल्यावर कळ दाबली जाऊ नये म्हणून तिची जागाही जपून निवडावी लागते.

दुसऱ्या प्रकारात कळ नसते. रीडरजवळ आल्यावर चिपला वीज मिळते, पण बोटाच्या सान्निध्याने बदलणारी विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जाणवेपर्यंत ती उत्तर देत नाही. झिजणारा भाग नसल्यामुळे हे कार्ड टिकाऊ असते. अडचण अशी की शर्टाच्या खिशातले कार्ड घामाने ओल्या कापडातून छातीला टेकले, तरी चिपला ते बोट वाटू शकते. यासाठी आम्ही कार्डाच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा ठेवतो आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत कार्ड धरले, म्हणजे दोन्ही जागा एकाच वेळी झाकल्या गेल्या, तरच उत्तर देण्याची अट घालतो. शरीर एकाच बाजूने टेकले तर कार्ड मुके राहते.

निवड हातांवर अवलंबून आहे. फाउंड्रीत मोल्डिंगवर काम करणाऱ्या कामगाराच्या हातात मोजे असतात, मोजे काढले तरी तळहाताला घट्टे आणि बोटांना वाळू असते. तेथे दाबाची कळच योग्य ठरते. खानापूरकडच्या पावसाळ्यात ओल्या कार्डावर पाण्याचा थर पसरून विद्युतधारितेचे मोजमाप बिघडते, हेही लक्षात घ्यावे. कोरड्या, सावलीतल्या कार्यालयासाठी किंवा पतसंस्थेसाठी मात्र चिमटीचे कार्ड अधिक सोयीचे आहे. दोन्ही प्रकारांत बोटाची जागा उठावदार ठेवावी, म्हणजे दृष्टिहीन कर्मचाऱ्यालाही ती चाचपून सापडेल.

आणखी एक बाब बारकाईने पाहावी लागते. कँटीनचे पैसे वजा होत असतानाच अंगठा उचलला गेला, तर नोंद अर्धवट राहू नये. यासाठी चिप अशी हवी की व्यवहार एक तर पूर्ण होईल, नाही तर आधीची शिल्लक जशीच्या तशी परत येईल. ही सोय नसलेल्या चिपवर स्पर्शाची कळ बसवणे आम्हाला मान्य नाही, कारण त्यात नुकसान कामगाराचे होते.

स्पर्श म्हणजे ओळख नव्हे, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. हरवलेले कार्ड ज्याला सापडेल त्याच्या बोटानेही ते चालेल, म्हणून हरवल्याची खबर मिळताच ते यादीतून बंद करण्याची व्यवस्था हवीच. चिप कमकुवत असेल तर स्पर्शाने ती बळकट होत नाही. १२५ किलोहर्ट्झची स्वस्त कार्डे सहसा केवळ आपला क्रमांक सांगतात आणि त्यांची नक्कल सहज होते. मायफेअर क्लासिक या कॉन्टॅक्टलेस कार्डांच्या प्रकारातील ४८ बिटांच्या किल्लीची (संदेश उलगडणाऱ्या गुप्त अंकांची) संकेतपद्धती संशोधकांनी २००८ सालीच उघडी पाडली, तरी ती कार्डे आजही विकली जातात. आम्ही १२८ बिटांच्या किल्लीची एईएस ही संकेतपद्धती वापरणारी चिप घेतो, प्रत्येक कार्डाची किल्ली वेगळी ठेवतो आणि केवळ कार्डाच्या क्रमांकावर दार उघडणारी जोडणी करून देत नाही.

बँकेच्या कार्डांबद्दलही ग्राहक विचारतात. ती आम्ही बनवत नाही. परंतु आपल्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डाची कॉन्टॅक्टलेस सोय बँकेच्या ॲपमधून बंद करता येते. २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचे असे व्यवहार पिनशिवाय होऊ शकतात, त्यामुळे ज्यांना गरज नाही त्यांनी ती सोय बंद ठेवणे बरे.

मागणी नोंदवण्यापूर्वी नमुना कार्डे एका पूर्ण पाळीला वापरून पाहावीत, शक्यतो पावसाच्या दिवशी, आणि त्यात सर्वांत वयस्कर व सर्वांत नवे कामगार दोघेही असावेत. ज्या मुख्य किल्लीवरून सर्व कार्डांच्या किल्ल्या तयार होतात ती सीलबंद स्वरूपात संस्थेच्या जबाबदार व्यक्तीकडे सोपवली जाते व आमच्याकडे तिची प्रत राहत नाही. म्हणून ती कोणाच्या ताब्यात राहील हे कार्डांची संख्या ठरवण्याआधीच लेखी कळवावे.