भुसावळच्या खिडक्यांवरचा काळा कागद

मे २०२५ मध्ये नागरी संरक्षणाच्या सरावासाठी केंद्राने जी ठिकाणं निवडली, त्यांत मुंबई, उरण, तारापूरबरोबर भुसावळचंही नाव होतं. सीमेपासून एवढ्या आत असलेलं आपलं गाव त्या यादीत कसं, असं खूप जणांनी विचारलं. आमच्या घरात हा प्रश्न कुणाला पडला नाही. १९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, घरातला उजेड वरून दिसू नये म्हणून आजीने रेल्वे क्वार्टरच्या तावदानांना कणकेच्या खळीने काळे कागद चिकटवले होते. आजोबा इंजिनावर फायरमन. भट्टीचं दार उघडलं की उजेडाचा लोट बाहेर पडायचा, म्हणून रात्री ताडपत्री ओढून कोळसा टाकायचा, असं ते सांगत.

भुसावळचं महत्त्व नकाशात दिसतं. मुंबईहून आलेला लोहमार्ग इथे फुटतो: एक फाटा खंडवा-इटारसीकडे, दुसरा अकोला-नागपूरकडे. १९४९ पासून गावात आयुध निर्माणी आहे. वरणगावची १९६४ ची, तिथे बंदुकीच्या गोळ्या तयार होतात. जवळच दीपनगरचं वीज केंद्र. शत्रूचा वैमानिक लक्ष्यांची यादी करायला बसला, तर यातलं एकही नाव तो गाळणार नाही.

जंक्शनवर हल्ला करण्याचं तंत्र दुसऱ्या महायुद्धात पक्कं झालं. १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याआधी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी कित्येक आठवडे फ्रान्स आणि बेल्जियममधली रेल्वे यार्डं झोडपली. नुसता उखडलेला रूळ लवकर जोडता येतो. यार्ड, इंजिनशेड आणि सिग्नल एकदम मोडले, की जर्मनांची कुमक वेळेवर पोहोचत नाही, हा त्यामागचा हिशेब होता.

काळा कागद त्याआधीचा. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध जाहीर होण्याच्या दोन दिवस आधी, दिवे झाकायचा हुकूम निघाला. तेव्हाचं बॉम्बफेकी विमान रात्री नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांच्या भरवशावर उडायचं, आणि ते किती चुकायचं याचा पुरावा आहे. १९४१ मध्ये ब्रिटिशांनी स्वतःच्याच विमानांनी काढलेले फोटो तपासले. लक्ष्यावर मारा केला असं सांगणाऱ्या विमानांपैकी तीनात एकच लक्ष्याच्या ८ किलोमीटरच्या आत पोहोचलं होतं. अशा चाचपडणाऱ्या माणसाला उजळलेलं गाव म्हणजे आयती खूण. आपल्याकडे हा धोका १९४२ मध्येच आला. जपानी विमानांनी एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर आणि डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर बॉम्ब टाकले.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या हवाई तळांवर हल्ले सुरू केले. रात्री त्यांची बी-५७ ही बॉम्बफेकी विमानं एकेकटी, जमिनीलगत येत, आग्र्यापर्यंत आली. खालून उडायचं कारण साधं आहे. रडारच्या लहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे लांबून खालून येणारं विमान त्यांना सापडत नाही. म्हणून सीमेवर हवाई दलाची माणसं वायरलेस घेऊन नुसत्या डोळ्यांनी आणि कानांनी पाळत ठेवत. आपणही रात्रीचा फायदा घेतला. एएन-१२ ही खरं तर मालवाहू विमानं, पण त्यांतून पाकिस्तानातल्या चांगा मांगाच्या जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यांवर बॉम्ब टाकले गेले.

कराचीहून भुसावळ सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर. एवढं अंतर खालून उडत यायचं, तर जेटचं इंधन भराभर जळतं. त्यामुळे इथला धोका आग्रा-जोधपूरइतका कधीच नव्हता. तरी काळजी खोटी नव्हती, असं मला वाटतं. पंचांग काढून पाहा: २ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा होती, दत्तजयंती नुकतीच झाली होती. युद्ध पेटलं ते भर चांदण्यात. आग्र्यात ताजमहालाचा पांढरा संगमरवर कापडाने झाकावा लागला. भुसावळच्या खिडक्या झाकता आल्या. चांदण्यात चमकणारी तापी कशी झाकणार? वैमानिकाला नदीसारखी दुसरी खूण नाही.

पुढे तंत्र बदललं. १९९९ मध्ये कारगिलला मिराज विमानांनी टायगर हिलवर लेझरच्या इशाऱ्याने बॉम्ब नेमका सोडला. आज क्षेपणास्त्राला उपग्रहावरून जागा कळते, त्याला खिडकीतला दिवा लागत नाही. साध्या कॅमेऱ्याच्या ड्रोनसाठी मात्र अंधार अजूनही अडचणीचा, म्हणून मे २०२५ मध्ये सीमेवरच्या शहरांत रात्री दिवे मालवले गेले. आपल्यासारख्या आतल्या गावांना जास्त उपयोग भोंग्याचा. आवाज दोन मिनिटं वरखाली होत राहिला तर धोका, एका सुरात सलग वाजला तर धोका टळला. आजीला हे शेवटपर्यंत पाठ होतं. सरावाची बातमी आली त्या संध्याकाळी आईने तेच माझ्या मुलीला दोनदा म्हणायला लावलं.