पाळी थांबणे ही तंदुरुस्तीची खूण नव्हे

कॉलेजच्या संघातून धावणाऱ्या मुलींमध्ये, अमेरिकेत आणि आपल्याकडेही, अशी समजूत फार काळ चालत आली आहे की पाळी थांबली म्हणजे सराव उत्तम चालला आहे. ही समजूत चुकीची आणि घातक आहे. सरावाचा खर्च वजा जाता अन्नातून पुरेशी ऊर्जा उरत नाही, तेव्हा मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग अंडाशयांना जाणारे संदेश मंद करतो. त्यामुळे इस्ट्रोजेन घटते आणि ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती ठिसूळ होऊ लागतात.

उदाहरणार्थ, 52 किलो वजनाच्या मुलीचे चरबी वगळता वजन साधारण 42 किलो धरू. तिने दिवसाला 1,800 कॅलरी खाल्ल्या आणि 700 सरावात खर्च केल्या, तर उरतात 1,100, म्हणजे या 42 किलोंतील प्रत्येक किलोमागे जेमतेम 26. किलोमागे 30 पेक्षा कमी ऊर्जा उरणे धोक्याचे मानले जाते, आणि ही मुलगी तर स्वतःला नीट जेवणारी समजते! वजनकाट्यावर फरक दिसेलच असेही नाही.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये ऊर्जेच्या तुटीच्या या अवस्थेची व्यापक व्याख्या केली, तीत पुरुष खेळाडूही आले. गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारा रक्तस्राव मूळ कमतरता झाकतो, भरून काढत नाही. तीन महिने पाळी आली नाही तर गर्भधारणा, थायरॉइड यांसारखी कारणे डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत. कारण ऊर्जेची तूट हेच निघाले, तर खाणे वाढवणे आणि गरजेप्रमाणे सराव कमी करणे हाच मुख्य उपचार आहे.