डिझाइन टूलमध्ये अतिलहान, अतिमोठे आकडे भरणे

क्यूट डिझायनरसारख्या (प्रोग्रामचे स्क्रीन माउसनं मांडायच्या) टूलमध्ये स्क्रीन बनवताना आकड्याच्या चौकटीत फार लहान किंवा फार मोठी किंमत टाकायच्या पद्धतीबद्दल ही नोंद आहे. चौकट ओढून ठेवणं, बाण दाबून आकडा वाढवणं सगळ्यांना येतंच, घोळ सुरू होतो शून्यं वाढली की.

जायकवाडी धरणाचंच घ्या. एकूण साठवण क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे साधारण १०२.७ टीएमसी, पेपरात असंच येतं म्हणून आकडा आटोपशीर वाटतो, पण स्क्रीन बनवणाऱ्यानं एकक घनमीटर ठेवलं की तो २,९०,९०,००,००० होतो आणि पूर्णांकाच्या चौकटीत मावतच नाही, कारण ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. नुसता जिवंत साठा, २,१७१ दलघमी, धरला तरी थोड्या फरकानं बाहेरच. उलट चिकणमातीतून पाणी झिरपायचा वेग मीटर प्रति सेकंदात ०.००००००००१ च्या घरात जातो. क्यूटच्या दशांश चौकटीला मुळात दोनच दशांश स्थळं आणि ० ते ९९.९९ एवढीच मर्यादा असते, त्यामुळे तिथं थेट शून्य उरतं. बऱ्याच जणांना वाटतं की फक्त दिसायला शून्य आहे, आत खरा आकडा शाबूत असेल. तसं नाही, चौकट किंमतच गोल करून ठेवते. म्हणून आधी दशांश स्थळं आणि मर्यादा वाढवायची, मग किंमत टाकायची, हा क्रम पाळाच.

यावर जुना तोडगा म्हणजे ई-पद्धत, १ई-९ म्हणजे एक गुणिले दहाचा उणे नववा घात. हा ई आला कुठून यावर एकमत नाही. काही जण श्रेय पार मागं, फ्लोटिंग पॉइंटवर (आकडा आणि त्याचा घातांक वेगळे ठेवायच्या पद्धतीवर) चालणाऱ्या जर्मन अभियंता झुसेच्या झेड३ संगणकापर्यंत (१९४१) नेतात, पण यंत्राच्या आत घातांक ठेवणं वेगळं आणि माणसानं तो अक्षरानं लिहिणं वेगळं. लिखाणापुरतं बोलायचं तर आयबीएम ७०४ संगणकासाठीच्या फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषेच्या १९५६ च्या मॅन्युअलकडं बोट दाखवणंच जास्त पटतं, कार्ड पंच करणाऱ्या यंत्रावर वरती चढवलेला घातांक उमटवायची सोय नव्हती, म्हणून अक्षर. अल्गोल ६० या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेनं ई ऐवजी खाली उतरवलेला बारीक दहा वापरला, तो टिकला नाही.

क्यूटची दशांश चौकट टाइप करताना ई घेत नाही, त्यासाठी कोड लिहून तिची वाचायची-दाखवायची रीत बदलावी लागते, किंवा साधी मजकूर-चौकट घेऊन तिला दशांश व्हॅलिडेटर (टाइप केलेला आकडा तपासणारा भाग) लावायचा, तो ई-पद्धत मुळातच मान्य करतो. वेबच्या नंबर चौकटीत ई चालतो, पण स्टेप, म्हणजे आकड्याचा टप्पा, मुळात एकची असते, अपूर्णांकासाठी ती बदलावी लागते.

अचूकतेलाही हद्द आहे. दुहेरी अचूकतेत, म्हणजे दशांश आकडे ठेवायच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या पद्धतीत, ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढं प्रत्येक पूर्णांक वेगळा राहत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीतला परार्ध (१ई१७) चौकटीत बरोबर बसतो, त्यात एक मिळवला तर तो एक हरवतो.