अपंग मुलांसाठीची ख्रिस्ती व्हीलचेअर सेवा

चालता न येणाऱ्या मुलांना व्हीलचेअर सहज मिळत नाही, अशा देशांत जाऊन ख्रिस्ती स्वयंसेवकांनी खुर्च्या पुरवण्याचे आणि मुलाच्या मापाने बसवून देण्याचे काम. यातली ठळक संस्था अमेरिकेतील ‘जोनी अँड फ्रेंड्स’. १९६७ मध्ये पाण्यात सूर मारताना मानेला इजा होऊन हातपाय लुळे पडलेल्या जोनी एरिक्सन टाडा यांनी ती १९७९ मध्ये स्थापन केली. तिच्या ‘व्हील्स फॉर द वर्ल्ड’ उपक्रमात वापरलेल्या खुर्च्या गोळा होतात, तुरुंगांतले कैदी त्या दुरुस्त करतात आणि फिजिओथेरपिस्ट व मेकॅनिक परदेशी जाऊन त्या बसवतात. सोबत बायबलही दिले जाते. ‘फ्री व्हीलचेअर मिशन’ने (२००१) सुरुवातीला प्लास्टिकच्या साध्या खुर्चीला सायकलछाप चाके लावली. खुर्ची स्वस्त झाली, पण सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलाला एकाच मापाची बैठक सोसत नाही. पुढे संस्थेने मापे बदलता येणारी मॉडेले आणली.

खरे कौशल्य बसवण्यात आहे. बैठकीची रुंदी नितंबांइतकीच हवी. बैठकीची खोली (मागून पुढेपर्यंतची लांबी) मात्र नितंबाच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागपर्यंतच्या मापाहून ३ ते ६ सेंमी कमी ठेवतात. ‘मूल वाढेलच’ म्हणून मोठी खुर्ची दिली की बैठकीची कड पोटरीला रुतते, मूल पुढे घसरते, कटी (कमरेखालचे हाडांचे कडे) मागे कलंडते आणि पाठीला पोक येते. आधार देताना आधी कटी, मग धड आणि शेवटी डोके हा क्रम पाळावा. मान लवंडते म्हणून आधी डोक्याचा आधार लावणे ही नेहमीची चूक. कारण बहुधा खाली, वाकड्या कटीत असते. पट्टा पोटावर नव्हे, कटीवर बसावा. उशी तपासायला बैठकीच्या हाडाखाली बोटे सरकवतात. बोटांची टोके किमान ५ मिमी वरखाली हलली तर दाब ठीक. बोटे घट्ट दबली तर उशी बदलावी. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळणे) असलेल्या मुलाला बसण्याच्या भागात संवेदना नसू शकते, त्यामुळे जखम होईपर्यंत कळतच नाही.

रुग्णालयी खुर्चीची पुढची लहान चाके वाळूत, चिखलात रुततात. आयात टायर-ट्यूबचे माप स्थानिक सायकल दुकानात मिळत नसेल, तर एका पंक्चरने खुर्ची कोपऱ्यात पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत सेवेचे आठ टप्पे आहेत. देखभाल, दुरुस्ती आणि पाठपुरावा हा शेवटचा. थोड्या दिवसांसाठी आलेली पथके इथेच कमी पडतात. म्हणून निघण्यापूर्वी मापांची नोंद, नट-बोल्ट आवळायचे पाने आणि सुट्या ट्यूब स्थानिक थेरपिस्ट किंवा चर्चकडे सोपवतात. वाढत्या मुलाची बैठक पुन्हा जुळवणे त्यांच्याकडेच येते.